डॉक्टरांचा अकरावा निबंध

ज्या निबंधामुळे डॉक्टरांचं नाव विलायतेत झालं त्या निबंधात मी आहे. चौथ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत. इंग्रजी शाळेतल्या मास्तरांकडून ते पान मी तीन वेळा वाचून घेतलं. "रुग्णाचा धाकटा भाऊ, धंद्याने दलाल, स्वभावाने चिडका." एवढंच. नाव नाही. ज्या युक्तीवर तो सबंध निबंध उभा आहे ती ह्याच चिडक्या माणसाने सांगितली, ह्याचा तर कुठे उल्लेखही नाही.

"चिडका म्हटलंय त्यात खोटं काय आहे?" मास्तर म्हणाले.

मी त्यांच्या हातातलं मासिक हिसकावून घेतलं.

"बघा," मास्तर म्हणाले.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. डॉक्टर नाहीत. त्यांनी मला फसवलं, की मी त्यांना, की दोघांनी मिळून माझ्या दादाला, ह्याचा उलगडा मला अजून झालेला नाही. समोरच्याच्या मनातला भाव ओळखून मी आयुष्यभर पोट भरलं. डॉक्टरांच्या बाबतीत मात्र चाचपडतोच आहे.

डॉक्टर घाटावरचे. जर्मन लढाई संपून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा ते रत्नागिरीला वेड्यांच्या इस्पितळात आले. वर एक गोरे साहेब होते, डॉक्टर त्यांच्या हाताखाली. उंच, मानेत वाकलेले, धोतरावर काळा कोट, आणि पाय अनवाणी. कोणी विचारलं तर म्हणत, "जांभा टोचत असला की माणूस झोपेत चालत नाही." पत्ते, भजन, लग्नकार्य, कशातच त्यांना गोडी नव्हती. गोडी एकाच गोष्टीची. वेडाबद्दल निबंध लिहायचा आणि विलायतेच्या मासिकाला पाठवायचा. निबंध छापून आला की ते बंगल्याभोवतीच्या गडग्यापाशी जात आणि जांभ्याच्या एका चिऱ्यावर खिळ्याने रेघ ओढत. परत आलेल्या निबंधाला रेघ नाही. पावसाळ्यात चिऱ्यांवर शेवाळ धरायचं. मग भाद्रपदात नारळाच्या सोडणाने चिरा घासून ते रेघा पुन्हा मोजत, जणू पाण्याबरोबर एखादी वाहून गेली असेल.

निबंधाचं पाकीट ते टपाल कचेरीत देत नसत. आगबोटीच्या दिवशी स्वतः बंदरावर येत आणि टपालाची थैली बोटीकडे जाणाऱ्या पडावात चढेपर्यंत उन्हात उभे राहत. पावसाळ्यात बोटी बंद. टपाल आंबा घाटाने जायचं, पण त्यांचा घाटावर विश्वास नव्हता, स्वतः घाटावरचे असून. "पावसाळ्यात मला सुचतं फार," म्हणायचे, "पण जात नाही."

आणखी एक खोड होती. निबंध पाठवण्याआधी तो ज्याच्यावर लिहिलाय त्यालाच वाचून दाखवायचा, मराठीत सांगत सांगत. मोठे साहेब ह्यावर हसायचे. इस्पितळात एक जुना कारकून होता, स्वतःला पेशव्यांचा कारभारी म्हणवायचा. त्याने आपल्यावरचा निबंध शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाला, "तिसरा मुद्दा चूक आहे. मी कारभारी आहे असं मला वाटत नाही. पण तसं वागलं की इथे जेवण वेळेवर मिळतं." डॉक्टरांनी हा आक्षेप जसाच्या तसा तळटीप म्हणून छापायला दिला. विलायतेत म्हणे निबंधापेक्षा तळटीपच गाजली.

दादाला त्याच्यावरचा निबंध वाचून दाखवला तेव्हा मी तिथे होतो. दादाने आक्षेप घेतला नाही. दादा बोलतच नव्हता.

आमचा बाप गलबतावर खलाशी. दर्यात गेला तेव्हा मी सात वर्षांचा. दादाने मला वाढवलं आणि सुपारी-नारळाची दलालीही त्यानेच शिकवली. आमच्या पेठेत मोठा सौदा तोंडाने होत नसे. दोघांचे उजवे हात एकमेकांत, वर एक रुमाल टाकलेला. जितकी बोटं दाबली तितका भाव. शेकडा की मण, रुपये की आणे, ते दोघांना आधीच माहीत असायचं. चेहरा कोरा ठेवायचा, शेजारी उभ्या असलेल्याला काही कळता कामा नये. दादाचा हात म्हणजे बंदरावरचा पहिला हात. घाईचा नाही, दरडावणीचा नाही. जयगडपासून राजापूरपर्यंतचे व्यापारी म्हणत, ह्याच्याशी सौदा केला की नुकसान झालं तरी चुटपुट लागत नाही.

पुढे मी वेगळा धंदा काढला आणि एका सौद्यात दादाच्या समोर उभा राहिलो. तो ज्याच्यासाठी विकत होता त्या व्यापाऱ्याला माल काढायची किती घाई आहे हे मला घरात जेवताना कळलं होतं. ते मी रुमालाखाली वापरलं आणि भाव पाडला. दादाने सौदा मोडला नाही, माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी तो भर पेठेत पोत्यावर बसला तो उठला नाही, आणि त्याने तोंड उघडलं नाही. जेवायला घातलं की जेवायचा, चालवलं की चालायचा. ह्या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का, मला ठाऊक नाही. डॉक्टरांना मी पहिली गोष्ट कधीच सांगितली नाही. वैदू झाले, देवाला कौल लावून झाला, आणि शेवटी आम्ही त्याला इस्पितळात ठेवला. मी दर रविवारी जायचो. केळी न्यायचो, बाजूला बसायचो. पण त्याच्या हाताला हात लावला नाही.

डॉक्टरांची नि माझी खरी ओळख इस्पितळात नाही, मासळीबाजारात झाली. खारवीण सांगेल तो दाम देऊन ते बांगडे घेत होते. एक असं गिऱ्हाईक आलं की आठवडाभर अख्ख्या बाजाराचा भाव बिघडतो. माझं डोकं फिरलं.

"अहो, निम्म्याला मागा," मी म्हणालो.

"तुजं काय जातंय रे?" खारवीण माझ्यावरच उखडली. "सायेब देतायत, मी घेतंय. तू कोन मधला?"

"मधला म्हणजे दलालच," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "इस्पितळातल्या त्या गप्प माणसाचे भाऊ ना तुम्ही? मला किंमत कमी करून नको आहे. ती ठरते कशी ते बघायचंय."

दुसऱ्या दिवशी ते पेठेत येऊन पोत्यावर तीन तास बसले. समोर दोन व्यापारी रुमालाखाली हात घालून उभे होते.

"हे काय करतायत?"

"बोलतायत."

"असं का?" हा त्यांचा नेहमीचा शब्द. मी तेव्हा दादाच्या काळजीने आणि त्यांच्या प्रश्नांनी दोन्हीकडून वैतागलो होतो. म्हणालो, "तुम्ही दोन वर्षं त्याच्याशी तोंडाने बोलताय. त्याच्याशी सबंध कोकणात कोणी तोंडाने बोललं नाही. रुमाल टाकून बघा."

ही ती युक्ती. रागाच्या भरात सांगितली, पण मी सांगितली.

मग त्यांनी ती विद्या माझ्याकडून शिकून घेतली. एक बोट, दोन बोटं, पंजा, पंजावर एक. पटकन शिकले. पण एक गोष्ट मी शिकवली नाही. आमच्या बंदरावर रीत अशी की समोरच्याने जितकी बोटं दाबली तितकीच आपण आधी परत दाबायची. ह्याला आम्ही पोच म्हणतो. तुझा आकडा माझ्याकडे आला, एवढाच त्याचा अर्थ. कबूल की नाही ते त्याच्या पुढे. इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट आहे की झोपेतल्या दलालाचा हात दाबलात तरी तो पोच देईल. हे सांगायचं मी विसरलो, की धंद्यातलं सगळं बाहेरच्याला सांगायचं नाही ह्या सवयीने गिळलं, आज खरोखर आठवत नाही.

चौथ्या दिवशी डॉक्टर अनवाणी पेठेत आले. भर दुपारी, धोतराचा सोगा हातात धरून.

"दलाल, तुमचा भाऊ बोलला."

"काय बोलला?"

"मी म्हटलं, तुमची बायको ह्या महिन्यात तीनदा येऊन गेली, आणि तीन बोटं दाबली. त्यांनी तीन दाबली. हो म्हणाले."

मी पोत्यावर बसलो. मला कळायला हवं होतं आणि मला वाटतं कळलंही. पण समोर एक शिकलेला माणूस घामाने निथळत सांगत होता की माझा दादा बोलला. ते ऐकून मी त्यांना शहाळं पाजलं.

वर्षभर त्यांनी रुमालाखाली दादाशी गप्पा मारल्या. दोन माणसं जेवायला येणार, हो. चार दिवस पाऊस, हो. सगळं वहीत टिपून त्यांचा अकरावा निबंध तयार झाला, छापून आला, गडग्यावर अकरावी रेघ पडली. आणि मग पत्रं यायला लागली. आधीच्या दहा निबंधांना मिळून जितकी आली नसतील तितकी. कुठल्या कुठल्या देशांची तिकिटं. एका जाड ग्रंथात म्हणे त्यांच्या रीतीला 'रत्नागिरी पद्धत' असं नाव पडलं. गावाचं नाव झालं, डॉक्टरांचं झालं, चिडका भाऊ चौथ्या पानावर तसाच.

ह्या सगळ्यात वहिनीला एकच गोष्ट कळली होती. डॉक्टरांनी दादाला सांगितलं होतं, दोन महिन्यांनी घरी जायचं, आणि दोन बोटं दाबली होती. दादाने दोन दाबली होती. वहिनीने पडवीतली खोली सारवली, नवी चटई विणून घेतली. डॉक्टरांनी मोठ्या साहेबांना पत्रही लिहायला घेतलं होतं, की रुग्णाची स्वतःची इच्छा आहे, सोडावं.

तेवढ्यात दर्या खुला झाला आणि पहिल्याच बोटीने ऑस्ट्रियाकडचा एक गोरा डॉक्टर ही पद्धत बघायला आला. डॉक्टरांच्या ओसरीवर दादाला खुर्चीत बसवलं. मला बोलावलं होतं, कारण रुमाल माझा. मी मास्तरांना बरोबर घेतलं, इंग्रजी कळावं म्हणून. पाहुण्याने दादाचा हात धरला, चार बोटं दाबली. दादाने चार दाबली. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने डॉक्टरांना काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" मी मास्तरांना विचारलं.

"हे तुम्हाला सुचलं कसं, असं विचारतोय."

"आणि डॉक्टर?"

"म्हणतायत, एकदा बाजारात बसलो असताना सुचलं."

आता हे खोटं नव्हतं. ते बाजारात बसले होते हे खरं. पण सुचवणारा मी होतो. पाहुणा चहा घेऊन विश्रांतीला गेला, आणि मी ओसरीवरच डॉक्टरांना गाठलं.

"डॉक्टर, तुम्हाला सुचलेल्याचा अर्थ तुम्हाला कळलेला नाही. दादा हो म्हणत नाही. ती पोच आहे."

"पोच म्हणजे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, जसं आधी सांगायला हवं होतं तसं, फक्त आता ओरडून. डॉक्टरांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग ते दादासमोर उकिडवे बसले, रुमाल टाकला आणि म्हणाले, "तुम्ही आणखी पाच वर्षं इथेच राहणार." पंजा दाबला. दादाने पंजा दाबला. "तुम्हाला बायको नाही. भाऊ एक होता, तो मेला." एक बोट. दादाचं एक बोट. मी तिथेच उभा होतो.

डॉक्टर उठले. गुडघे झटकले. "हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

मी रुमाल उचलून खांद्यावर टाकला.

"असं का," ते म्हणाले. एवढंच, आणि प्रश्नासारखं नाही. मग आत जाऊन विड्याच्या तबकातला चुना घेऊन आले आणि गडग्यावरच्या अकराव्या रेघेत भरला, ती बुजेपर्यंत. पुढे दर पावसात तो धुऊन जायचा आणि दर भाद्रपदात ते पुन्हा भरायचे.

माझी कल्पना होती की ते माझ्यावर उखडतील. मी तयारीत होतो. माझ्याकडे उत्तरं होती. पण त्यांनी त्याच संध्याकाळी पाहुण्याला सगळं सांगून टाकलं आणि आठवड्याभरात बारावा निबंध लिहिला. दीड पानाचा. मास्तरांनी मला वाचून दाखवला. अकराव्यात मी चूक केली, असं पहिल्याच ओळीत. दुसऱ्या ओळीत माझं नाव. बापाच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट. ह्या गृहस्थांनी चूक दाखवली, पद्धतही मुळात त्यांचीच, मी सांगायचं राहून गेलं.

"झालं समाधान?" मास्तरांनी विचारलं.

मी ज्यासाठी भांडलो ते मला पदरात पडलं होतं, आणि त्याच्या बदल्यात दादाचं 'हो' मी स्वतःच्या हाताने काढून दिलं होतं. इतका आतबट्ट्याचा सौदा मी आयुष्यात केला नव्हता.

घरी सांगायला डॉक्टर स्वतः आले. मी म्हटलं मी सांगतो, तर म्हणाले, "चूक माझी छापलेली आहे." पडवीत नव्या चटईवर बसले आणि वहिनीला सगळं नीट समजावलं. की दोन महिन्यांचं ते 'हो' नव्हतं. की त्यांच्या मनात काय आहे ते आपल्याला माहीत नाही. की आता घरी सोडा म्हणून लिहायला माझ्याकडे कारण उरलेलं नाही.

वहिनीने पदर खोचला. "हो नाय म्हनाले?"

"नाही."

"मग नाय तरी म्हनाले काय?"

"नाही. तसंही म्हणाले नाहीत."

"मग मी आनतंय त्यांना."

डॉक्टरांनी तिथेच कागद मागितला आणि पत्र पुरं केलं. जाताना मला म्हणाले, "माझ्या अकरा निबंधांत इतका सरळ युक्तिवाद एकही नाही." दादा त्या पंधरवड्यात घरी आला.

बाराव्या निबंधाचं काय झालं? काहीच नाही. तो कोणी वाचला नाही. पत्रं येतच राहिली आणि सगळी अकराव्याबद्दल. आम्ही तुमची पद्धत इकडे वापरली, आमचाही रुग्ण बोलला. डॉक्टर प्रत्येकाला हाताने लिहीत, कृपया बारावा वाचावा. उलट उत्तर यायचं, तुमची नम्रता थोर आहे. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी त्यांना बढती मिळाली, अकराव्यामुळेच. ती नाकारावी की घ्यावी हे विचारायला ते पेठेत माझ्याकडे आले. माझ्याकडे.

"घ्या," मी म्हणालो. "देणारा शुद्धीवर असताना देतोय ना?"

"पण ज्याच्यासाठी देतायत तो माल खोटा आहे, दलाल."

"तुम्ही सांगितलंत ना खोटा म्हणून? तरी घेतायत. मग तुमचं काम संपलं."

"असं का?" ते म्हणाले आणि हसले. मी त्यांना हसताना तेव्हाच काय ते पाहिलं. मग म्हणाले, "अकरावा आता कोणी वाचतही नाही, माहीत आहे? ते एकमेकांचं वाचून लिहितात. तो माझा राहिलाच नाही. बारावा तेवढा माझा, आणि तो वाचणारे आपण दोघं. मास्तर धरून तीन."

"माझं नाव छापलं तेही असं, की कोणाला दिसू नये."

"राग आहे अजून?"

"आहे."

"ठेवा," ते म्हणाले. "तुमच्या रागाशिवाय मला कधीच कळलं नसतं." हे ते मनापासून बोलले की मला गप्प करायला, अजून कळत नाही. बढतीवर ते बंदरावरून आगबोटीने गेले, ह्या वेळी पायात जोडे घालून. तिकडेच दोन वर्षांनी वारल्याचं मास्तरांनी वर्तमानपत्रात वाचलं. बातमीत अकरावा निबंध होता, बारावा नव्हता.

गेल्या चैत्रात टपालवाल्याने पेठेत पाकीट आणून दिलं. परदेशी तिकीट, आणि वर माझं नाव. बापाच्या नावासकट. मी ते तसंच मास्तरांकडे नेलं. लिहिणारी कोणी एक डॉक्टरीणबाई होती. तिने बारावा वाचला होता. लिहिलं होतं की एकच विचारायचं आहे. पोच दिल्यावर दलालाने पुढे आपला आकडा द्यायचा असतो ना? मग तुमच्या बंधूंनी पोच दिल्यावर पुढे काय केलं? निबंधात ते नाही. पोच मिळाल्यावर कोणी थांबलं होतं का?

"काय लिहू?" मास्तर टाक घेऊन बसले होते.

मी म्हणालो, "घरी जाऊन येतो."

कोणी थांबलं नव्हतं. डॉक्टर पोच मिळाली की हात काढून वहीत टिपायचे. पाहुण्याने हात काढून डोळे पुसले. आणि मी, ज्याला रीत ठाऊक होती, त्याने इतक्या वर्षांत हातच दिला नव्हता.

दादा पडवीत बसला होता. वहिनी अंगणात आमसुलं उलटत होती. मी त्याच्यासमोर बसलो, खांद्यावरचा रुमाल काढला, आणि त्याच्या हातात हात दिला. वरून रुमाल टाकला. त्याचा हात म्हातारा झाला होता, पण ठेवण तीच. आता मी आकडा द्यायचा, त्याने पोच द्यायची आणि मी थांबायचं, इतकं सोपं होतं. कुठला आकडा द्यावा ते मला सुचेना. मी नुसताच बसून राहिलो.

मग दादाने चार बोटं दाबली.

आधी त्याने. मी काहीच दिलं नसताना.

मी विचार करायच्या आधी माझ्या हाताने चार परत दाबली. पोच दिली.

"काय म्हनतायत वो, भावोजी?" वहिनी अंगणातून म्हणाली.

"चार."

"कसले चार?"

ते मला ठाऊक नव्हतं. चार माणसं, चार वर्षं, तो जुना सौदा, की काहीच नाही. मी दादाच्या तोंडाकडे पाहिलं. चेहरा कोरा, धंद्यात असावा तसा. हात त्याने काढला नव्हता, आणि मीही काढला नाही. वहिनीने आमसुलं सुपात भरून आत नेली, उन्हं पडवीच्या खांबापर्यंत आली, तिकडे मास्तर टाक घेऊन खोळंबले असतील. आणि रुमालाखाली दादा माझ्या आकड्याची वाट बघत होता.